पळून न जाताच ‘पळून’ लग्न! वाळवंटातल्या त्या फोटोंमागे नेमकं काय असतं?

नोव्हेंबरमधली सकाळ, सहा वाजून दहा मिनिटं. सांगलीत माझ्या मित्राची आई देवापुढे दिवा लावून मोबाइल हातात धरून बसली होती. कॅलिफोर्नियात तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ होती, सूर्य नुकताच टेकला होता आणि तिच्या मुलाचं लग्न लागत होतं. व्हिडिओ कॉल काही आला नाही. लग्न होतं तिथे मोबाइलला रेंजच नव्हती.

फोटो आले ते दुसऱ्या दिवशी. नारिंगी आभाळ, माणसाच्या कितीतरी पट उंच खडक, काटेरी झाडं आणि मधोमध दोघंच. फॅमिली ग्रुपवर एका काकांनी विचारलं, ‘पळून जाऊन केलं की काय?’ मित्राने उत्तर दिलं, ‘हो काका, इलोपमेंटच म्हणतात याला.’ त्यानंतर ग्रुपवर दिवसभर सन्नाटा!

चूक दोघांचीही नाही. शब्दकोशात ‘इलोप’चा अर्थ पळून जाऊन लग्न करणे असाच आहे. पण अमेरिकेतल्या लग्नाच्या बाजारात गेल्या काही वर्षांत त्याचा अर्थ बदललाय. दोघं, फार तर हातावर मोजण्याइतकी माणसं, निसर्गरम्य जागा आणि एक फोटोग्राफर. पळापळ कुठेच नाही. उलट मी आजवर पाहिलेल्या लग्नांत सगळ्यात काटेकोर नियोजन याच लग्नाचं होतं.

जागा कोणती आणि परवानगी कशाची?

ही जागा म्हणजे जोशुआ ट्री नॅशनल पार्क. लॉस एंजेलिसपासून साधारण सव्वादोनशे किलोमीटर. मोहावी आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटं इथे एकमेकांना भिडतात. १९३६ मध्ये याला राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. वर्षाला सुमारे ३० लाख लोक इथे येतात.

इथे लग्न करायचं तर आधी उद्यानाकडे अर्ज करून, शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. मनाला येईल त्या खडकावर उभं राहून लग्न लावता येत नाही. कॅप रॉक, हिडन व्हॅली, इंडियन कोव्ह अशा ठरलेल्या जागा आहेत आणि कुठे किती माणसं चालतील याचीही मर्यादा आहे. ड्रोनला बंदी. झाडाला किंवा खडकाला काही बांधायचं नाही. फुलांच्या पाकळ्या उधळायच्या नाहीत आणि तांदूळही नाहीत.

म्हणजे अक्षता नाहीत! मित्राने हे आईला सांगितलं तेव्हा, त्याच्याच शब्दांत, ‘मी अमेरिकेत राहायचं ठरवलं त्यापेक्षा मोठा धक्का’ तिला बसला. नियमामागचं कारण मात्र पटण्यासारखं आहे. बाहेरचं धान्य आणि बाहेरचं बी या वाळवंटात नको आणि तिथल्या प्राण्यांच्या पोटातही नको.

फोटोचं गणित

मी इंजिनीअर, त्यामुळे मला सगळ्यात रस होता तो या भागात. वाळवंटात दुपारी फोटो काढले तर डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या सावल्या दिसतात. म्हणून सगळा कार्यक्रम सूर्योदयानंतरच्या किंवा सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात बसवायचा. त्यातही मेख आहे. हवामानाच्या अॅपमधली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजासाठी असते. समोर खडकांची भिंत असेल तर ऊन त्याच्या बरंच आधी जातं. त्यामुळे चांगला फोटोग्राफर आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी जाऊन ऊन कधी हटतं ते बघतो.

चंद्रही बघावा लागतो. २०१७ पासून हे उद्यान ‘इंटरनॅशनल डार्क स्काय पार्क’ आहे. आकाशगंगेसह फोटो हवा असेल तर अमावास्येच्या आसपासची रात्र लागते, आणि कॅमेऱ्याचं शटर कितीतरी सेकंद उघडं असताना नवरानवरीला पुतळ्यासारखं उभं राहावं लागतं. आपल्याकडे शुभकार्यासाठी अमावास्या टाळतात, इथे मुद्दाम शोधतात. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही.

बाकी तयारी म्हणजे पाणी, पाणी आणि पाणी. उद्यानाच्या आतल्या भागात ते कुठेच मिळत नाही. माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, सोबत ठेवायचं. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो, तर नोव्हेंबरात सूर्य गेला की तासाभरात हुडहुडी भरते. फोटोत हसणाऱ्या नवरीच्या लेहंग्याखाली थर्मल होतं.

कागदावर लग्न कसं लागतं?

कॅलिफोर्नियात आधी काउंटी क्लार्ककडून विवाह परवाना काढायचा. तो ९० दिवस चालतो आणि राज्यात कुठेही वापरता येतो. लग्न लावणारी अधिकृत व्यक्ती लागते, तिने सह्यांचा कागद १० दिवसांत काउंटीकडे परत पाठवायचा. साध्या परवान्याला एक साक्षीदार पुरतो. मित्राच्या लग्नात ती सही फोटोग्राफरनेच केली. एकूण माणसं चार.

तिथे आणखी एक प्रकार आहे, ‘कॉन्फिडेन्शियल’ परवाना. एकत्र राहणाऱ्या सज्ञान जोडप्याला तो घेता येतो. साक्षीदार लागत नाही आणि नोंद सार्वजनिक होत नाही.

आता आपल्याकडे या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. दोघांपैकी कुणाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथल्या कार्यालयातही लागते. मग हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. लग्नाला साक्षीदार तीन. घरच्यांचा विरोध असलेल्या आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडप्यासाठी हे ३० दिवस काय असतात, याची कल्पना करा. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. कायद्यातलं कलम मात्र आहे तसंच आहे. त्याआधी २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात सुरक्षित निवारागृहांचा विचार करायला राज्यांना सांगितलं होतं. सज्ञान माणसांच्या लग्नासाठी निवारागृह लागतं, अशी आपली अवस्था.

म्हणून माझा आक्षेप वाळवंटातल्या लग्नाला नाही, त्याच्या नावाला आहे. माझ्या मित्रावर कुणी चाल करून येणार नव्हतं. सांगली आणि गुंटूर या दोन घरांचं तारखेवर आणि हॉलवर जमेना, एवढीच अडचण होती. त्यातून वाट काढायला त्याच्याकडे पगार होता, गाडी होती, परवाना होता. खरोखर पळून जाणाऱ्यांकडे बहुतेकदा एक बॅग असते आणि बंद केलेला फोन. त्यांच्या लग्नाचा एकमेव फोटो म्हणजे नोंदणीच्या अर्जावरचा. आपल्याकडे आता या नावाची पॅकेजेस विकली जात असतील तर विकोत, पण त्याला ‘छोटं लग्न’ म्हणा की! ‘पळून’ हा शब्द ज्यांना नाइलाजाने पळावं लागतं त्यांच्यासाठी राहू द्या.

आणि त्या जागेचं काय?

फोटो व्हायरल झाला की जागा व्हायरल होते. वाळवंट रिकामं दिसतं, पण रिकामं नसतं. मोआबच्या परिसरात मातीवर सूक्ष्मजीव आणि शेवाळाचा जिवंत थर असतो. एका पावलाने तो मोडतो आणि भरून यायला कित्येक वर्षं जातात. तिथल्याच आर्चेस उद्यानात २००० साली एका छायाचित्रकाराने रात्रीच्या फोटोसाठी प्रसिद्ध ‘डेलिकेट आर्च’खाली आग पेटवली आणि दगडावर डाग पाडले. जोशुआ झाडं वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर वाढतात. फोटोत मित्राच्या मागे दिसणारं झाड त्याच्या आजोबांपेक्षा मोठं असू शकतं. त्याने फोटो टाकताना नेमकं लोकेशन दिलं नाही, हे मला आवडलं. त्यावरून इन्स्टाग्रामवर लोक त्याच्यावर चिडलेत, ते वेगळं.

काकूंनी त्यातला एक फोटो मोठा प्रिंट करून घेतलाय. मी दिवाळीच्या सुट्टीनंतर गेलो तेव्हा तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी होता आणि काचेच्या खालच्या कडेला चार-पाच तांदूळ अडकलेले होते. फोटोवरच अक्षता टाकल्या, म्हणाल्या. तिथे चालत नाहीत ना.