फवारणीची वही आणि मांजरीचे यंत्र



भाजीपाल्यात औषधाचा अंश सापडल्याची बातमी आली की आपल्यात दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, "हे शहरवाल्यांचं खूळ आहे." कोणी म्हणतो, "आपला ऊस कारखान्यात जातो, त्याची साखर होते. आपल्याला काय त्याचं?" आमच्या मते ही दोन्ही मते आता सोडून दिली पाहिजेत. उसात आपण कोथिंबीर, मेथी, कोबी, कांदा अशी आंतरपिके घेतो. मारुंजी, हिंजवडी, माण या पट्ट्यात शिवाराला लागून आयटी कंपन्या आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक बांधावर आलं आहे. आज ते भाव विचारतं, उद्या तपासणीचा कागद मागेल.

ही तपासणी होते कशी, हे समजून घेणे अगत्याचे आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमुळे आपण ज्या मांजरीला ओळखतो, तिथेच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची मोठी प्रयोगशाळा आहे. मालाचा लगदा करून त्यातून द्रावकाने औषधाचा अंश काढतात. यंत्रात आधी त्यातील घटक वेगवेगळे होतात. मग त्यांच्या कणांना विद्युतभार देऊन त्यांचे वस्तुमान मोजतात. एवढ्यावर न थांबता कण फोडून तुकड्यांचेही मोजमाप होते. सगळी मापे जुळली की औषधाची ओळख पटली. याला मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात.

याचा काटा किती बारीक? ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. म्हणजे 100 टनांत 1 ग्रॅम. एकरी 40 टन उतारा धरला, तर अडीच एकर उसात चिमूटभर! तेवढेही हे यंत्र पकडते. आंतरप्रवाही औषध तर पिकाच्या आत भिनते. ते वरून धुऊन जात नाही.

पण या यंत्राची एक मर्यादा आहे, आणि ती आपल्या द्राक्ष बागायतदारांना महाग पडली. 2010 साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात, त्याचा अंश सापडला. माल अडकला, भाव पडले. इथून निघताना तपासणी झालेली होती, मग हे सुटले कसे? वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरायचे हे संजीवक इथल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. शिवाय ते पाण्यात इतके विरघळते की नेहमीच्या पद्धतीने हाती लागत नाही. त्याला वेगळी पद्धत लागते. नंतर ते यादीत आले, पण तोवर नुकसान होऊन गेले होते.

यातून आम्ही घेतलेला धडा असा: अशा तपासणीत यंत्राला जे शोधायला सांगावे, तेच ते शोधते. काय फवारले हे शेतकऱ्याने सांगितलेच नाही, तर "अंश आढळला नाही" या दाखल्याला अर्थ काय? सबब निम्मी तपासणी प्रयोगशाळेत होते, तर निम्मी आपल्या वहीत.

म्हणून आमचे सांगणे आहे की प्रत्येक सभासदाने फवारणीची वही ठेवावी. दुकानदाराने दिलेले नाव पुरे नाही. डब्यावरचा मूळ घटक, मात्रा, तारीख आणि पीक लिहावे. तणनाशक आणि संजीवकही त्यात आलेच. उसासाठी शिफारस केलेले औषध उसातल्या कोथिंबिरीलाही चालते, असे धरून चालू नये. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, तेही लेबलावर पाहावे. बाजारभाव चढला म्हणून चार दिवस आधी काढणी करणे, हा सौदा शेवटी अंगाशी येतो.

कारखान्याकडूनही आमची अपेक्षा आहे. एकट्या शेतकऱ्याला हा तपासणीचा खर्च परवडत नाही. ऊसतोडणीचा कार्यक्रम आपण गटवार लावतो, तसे आंतरपिकांचे नमुनेही गटवार गोळा करावेत, सोबत वहीची नक्कल जोडावी आणि ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावेत. शेतकी खात्याने हे काम अंगावर घ्यावे. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडावा, अशी संचालक मंडळास आमची विनंती आहे.

ही भाजी आधी आपल्याच घरात शिजते, आपलीच लेकरं खातात. शहरातल्या गिऱ्हाइकाचा विचार त्यानंतरचा.