हृदय सावरले, मूत्रपिंड रुसले

छत्रपती संभाजीनगरच्या व्यापारी कुटुंबांना बायपास शस्त्रक्रिया आता अपरिचित राहिलेली नाही. गुलमंडीवरील दुकानाची गादी दोन महिने मुलाकडे सोपवून वडील रुग्णालयात दाखल होतात आणि बहुतेक जण सुखरूप परततात. मात्र कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात : हृदय उत्तम चालले आहे, पण क्रिएटिनिन चढले आहे, लघवी कमी झाली आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत मूत्रपिंडाचे काय बिघडले, हे घरच्यांना उमगत नाही.

हृदय बाहेर टाकते त्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. शस्त्रक्रियेत रक्तदाब खाली-वर होतो, कृत्रिम यंत्रातून फिरताना तांबड्या पेशी फुटतात, सूज येते. शंभरातील वीस ते तीस रुग्णांच्या मूत्रपिंडांना यामुळे कमी-अधिक इजा होते. डायलिसिस थोड्यांनाच लागते. पण ज्यांना लागते त्यांच्या जिवाचा धोका बराच वाढतो.

यावर संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोनचा, उपाय शोधण्याची कल्पना एका शोधातून बळावली. १९८१ मध्ये कॅनडातील किंग्स्टन येथे अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. काही मिनिटांतच त्यांची लघवी आणि तीतून जाणारे मीठ कित्येक पटींनी वाढले. हृदय हा केवळ पंप नव्हे, ती एक ग्रंथीही आहे आणि ती मूत्रपिंडाला निरोप धाडते, हे त्यातून कळले. मुक्या जीवांच्या मोलाने आलेले हे ज्ञान. म्हणून त्याचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्याचे ऋण आपल्यावर आहे.

पुढे जे झाले ते सरळ नव्हते. त्या संप्रेरकाचे कृत्रिम रूप मूत्रपिंड बिघडलेल्या ५०४ रुग्णांवर तपासले गेले. १९९७ च्या त्या निष्कर्षात एकंदर लाभ दिसला नाही. केवळ लघवी फार कमी झालेल्यांना तो झाल्यासारखा वाटला. मग तशाच रुग्णांवर दुसरी चाचणी झाली आणि २००० साली तोही लाभ मावळला. औषधाने रक्तदाब उतरत होता, आणि दाब उतरला की मूत्रपिंडाला रक्त कुठून मिळणार? स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे मग मात्रा कमी ठेवून औषध अधिक काळ दिले. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या ६१ रुग्णांत डायलिसिसची गरज ४७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली. आशा पुन्हा जागली, पण रुग्ण केवळ ६१.

मोंढ्यात मूठभर तुरीवरून गाडीचा भाव ठरवणाऱ्याला ठाऊक असते की पोत्याच्या तोंडाशी दाणा टपोराच असतो. रक्तवाढीचे संप्रेरक एरिथ्रोपोएटिन याचीही हीच कथा : लहान चाचणीत यश, पुढे निराशा. स्टेरॉइडची चाचणी तर १८ देशांतील साडेसात हजार हृदयरुग्णांवर झाली. मूत्रपिंडाची इजा टळली नाही. ब्राझीलमध्ये मात्र शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब कोसळलेल्यांना व्हॅसोप्रेसिन दिल्यावर मूत्रपिंडे अधिक वाचल्याचे २०१७ मध्ये दिसले. तेही एकाच रुग्णालयातील. अन्यत्र पडताळा यायचा आहे. (हे संप्रेरक आज प्राण्यांपासून नव्हे, रसायनशाळेत बनते, ही शंका घरोघरी येतेच म्हणून येथे नोंद.)

तेव्हा अतिदक्षता विभागाच्या दाराशी ‘कितीही महाग असो, ते इंजेक्शन द्याच’ असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मूत्रपिंड निश्चितपणे वाचवील असे संप्रेरक आज कोणत्याही दुकानात मिळत नाही. उपयोगी पडते ती आधी दिलेली खरी माहिती. गुडघेदुखीच्या गोळ्या गल्ल्यातच पडलेल्या असतात आणि त्यांना कोणी औषध मानत नाही. मूत्रपिंडाला त्याच जड जातात. नुकतीच अठाई झाली असेल, चौविहार चालू असेल, तर तेही शल्यविशारदांना सांगावे, कारण शरीरात पाणी कमी असले की इजा लवकर होते. आणि क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट सोबत न्यावा. अठ्ठेचाळीस तासांत ०.३ ची वाढसुद्धा इजा मानली जाते, आणि मूळ आकडा हाती नसेल तर ती वाढ ओळखायची कशी?