अठरा तास आणि तीन तास

ऊसतोडीला गेलेली आमच्या वस्तीतली एक ताई यंदा कारखान्याचा पट्टा पडायच्या आधीच घरी परत आली. उजव्या डोळ्यावर पदर धरलेला. मोळी बांधताना पाचटाचे पान डोळ्यात लागले होते. उसाचे पान म्हणजे करवतच. सकाळचे आठ वाजले असतील. पण ती फडातून बाहेर आली नाही, कारण एक कोयता म्हणजे नवराबायको दोघे. एकाने बसायचे म्हणजे दोघांचा खाडा आणि तो खाडा उचलीत धरला जातो. संध्याकाळी कोपीवर शेजारणीने जिभेने डोळ्यातला कचरा काढून पाहिला. दुसऱ्या दिवशी एरंडेल घातले. तिसऱ्या दिवशी मुकादमाने औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणून दिली. त्या थेंबांनी लाली गेली, ठणका कमी झाला. आठ दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला आणि तो वाढतच गेला.

डोळ्यांच्या इस्पितळात तिच्यासोबत आम्ही गेलो होतो. डॉक्टरांनी रिकामी बाटली हातात घेऊन विचारले, "हे कुणी दिले?" ताईचे मालक म्हणाले, "साहेब, ह्या थेंबांनीच तर आराम पडला होता." डॉक्टर म्हणाले, "तेच तर झालं."

हे "तेच तर" नीट समजून घ्यावे म्हणून आम्ही पुढचे काही रविवार वाचनात घातले. आम्ही कॉमर्सचे पदवीधर. शरीरशास्त्र शाळेत जेवढे शिकलो तेवढेच. पण जे समजले ते आपल्या कष्टकरी घरांत पोचायला हवे, म्हणून आजचे सदर त्यासाठी देत आहोत.

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. तो पारदर्शक राहतो, कारण त्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणजे इथे पहारेकरीही थोडेच. पानाने, तुसाने, कुसळाने किंवा धान्याच्या फोलपटाने ह्या पडद्याला ओरखडा पडला की पानावरची, मातीतली बुरशी आत शिरते. श्रीमंत देशांत असा रोग पुष्कळदा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना होतो. आपल्याकडे तो शेतात राबणाऱ्यांना होतो. आपल्या देशात ह्या रोगात जास्त करून सापडणाऱ्या बुरशींची नावे फ्युजेरियम आणि अस्परजिलस अशी आहेत.

बुरशी शिरली की शरीर गप्प बसत नाही. बुबुळाच्या कडेच्या रक्तवाहिन्यांतून पांढऱ्या पेशींची फौज धावून येते. त्यांत न्यूट्रोफिल नावाच्या पेशी सर्वांत पुढे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातील संशोधकांनी अमेरिकेतील शास्त्रज्ञांबरोबर, बुरशीने गेलेली आणि शस्त्रक्रियेत काढून टाकलेली बुबुळाची पटले तपासली. २०११ साली हे काम प्रसिद्ध झाले. त्या पटलांत सापडलेल्या पेशींपैकी बहुतेक न्यूट्रोफिलच होत्या. ह्या पेशी बुरशीवर जहाल रसायने सोडतात, तिला गिळायला बघतात. पण त्याच रसायनांनी आणि पाचक द्रव्यांनी बुबुळाचे तंतूही विरघळतात. चोर पकडायला आलेल्यांनीच घराच्या भिंती पाडाव्यात, तसे हे. म्हणून डोळा लाल होतो, सुजतो, ठणकतो, आणि जखम भरून आली तरी मागे पांढरा डाग राहतो. आपल्याकडे त्याला फूल पडले म्हणतात.

आता ताईच्या थेंबांकडे येऊ. त्यांत स्टिरॉइड होते. स्टिरॉइडने ही फौज थंड पडते, म्हणून लाली जाते आणि बरे वाटते. पण बुरशी मात्र जिथल्या तिथे असते, आणि आता तिला अडवायला कोणी नसते. ती खोल खोल जाते.

मग स्टिरॉइड वाईटच का? तसेही नाही. जंतू मरत असताना फौजेचा धुडगूस जरा आवरला तर डाग कमी राहील, असे डॉक्टरांना पूर्वीपासून वाटत होते. ते खरे की खोटे हे पाहण्यासाठी बुबुळावर बॅक्टेरियाचा व्रण झालेल्या ५०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, बहुतेक रुग्ण अरविंद रुग्णालयांतलेच. सर्वांना आधी दोन दिवस अँटिबायोटिक दिले, नंतर अर्ध्यांना स्टिरॉइड आणि अर्ध्यांना साधे थेंब. २०१२ साली निकाल आला. तीन महिन्यांनंतरच्या नजरेत दोन्ही गटांत एकूण फरक दिसला नाही. लक्षात घ्या, हे बॅक्टेरियाच्या व्रणाबद्दल, तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. बुरशीच्या व्रणात स्टिरॉइड धोक्याचेच.

बुरशीसाठी वेगळे औषध लागते. व्रणाचा कण अलगद खरवडून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे तिथेच दिसतात. ही तपासणी फार खर्चाची नाही. नॅटामायसिन हे जुने औषध आणि व्होरिकोनॅझोल हे नवे, यांची तुलना ३२३ रुग्णांवर झाली. २०१३ च्या निकालात जुने नॅटामायसिनच सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियमवर. नवे म्हणजे चांगले, महाग म्हणजे चांगले, अशी आपल्या मनाची जी समजूत असते तिला इथे चांगलाच धक्का बसला.

पण सर्वांत उपयोगी माहिती आम्हांला मिळाली ती नेपाळातून. डॉ. मदन उपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भक्तपूर भागात गावोगावच्या कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. कोणाच्या डोळ्याला ओरखडा पडला की त्याने कार्यकर्त्याकडे यायचे. कार्यकर्त्याने क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम तीन दिवस, दिवसातून तीनदा द्यायचे. २००१ साली त्यांनी हिशेब मांडला. ओरखड्याचे ४४२ लोक आले. त्यांतले २८४ जण अठरा तासांच्या आत आले होते. त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. अठरा ते चोवीस तासांत आलेल्या १०९ जणांत चौघांना झाला. चोवीस तासांनंतर, दोन दिवसांच्या आत आलेल्या ४९ जणांत मात्र चौदांना. आकड्यांशी आमची रोजचीच गाठ असते, पण इतका बोलका तक्ता आम्ही क्वचितच पाहिला. पुढे २०२२ साली नेपाळातच अशा गावपातळीवरील योजनेची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत गावातल्या एकूण व्रणांची संख्या कमी झालेली दिसली नाही. तेव्हा मलमाची नळी म्हणजे जादू नव्हे. पण लवकर पोचणाऱ्याचा डोळा वाचण्याची आशा जास्त, हे भक्तपूरच्या आकड्यांत स्पष्ट आहे. तेव्हा डोळ्याला काही लागले तर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका, जीभ लावू नका, तेल-मध-दूध घालू नका, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. दुकानातून थेंब घेऊन दिवस काढू नका.

हे सर्व वाचत असतानाच आणखी एक गोष्ट हाती लागली. तीही शरीराच्या अशाच उलट्या कारभाराची, आणि बांधकामावर जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या कामाची.

परांचीवरून पडलेला किंवा गाडीखाली सापडलेला माणूस कधी कधी वरून धड दिसतो, रक्ताचा थेंब नाही, आणि तासाभरात जातो. ओटीपोटाखाली हाडांचे एक कडे असते. ते फुटले की आतल्या शिरांचे जाळे फाटते आणि मोडलेल्या हाडांतूनही रक्त वाहते. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त. त्यातले दोन-तीन लिटर पोटाच्या मागच्या बाजूला साठले तरी बाहेरून कळत नाही. अशा माणसाला हातापायांना धरून टेंपोत टाकणे फार वाईट, कारण जमू लागलेली गुठळी त्या हिसक्याने सुटते. १०८ ला फोन करावा, माणसाला हलवू नये. रुग्णवाहिकेतले लोक ह्या फुटलेल्या कड्याभोवती रुंद पट्टा आवळतात. पट्टा नसेल तर घडी केलेली चादरही चालते. पण ती कमरेला नव्हे, खाली, खुब्यांच्या उंचवट्यावर. पुष्कळदा चूक होते ती इथेच.

शरीर रक्त थांबवायला गुठळी करते, तसेच गुठळी विरघळवणारे द्रव्यही त्याच्याकडे असते. जबर मार लागला की हे विरघळवणे वेळेआधीच आणि जोराने सुरू होते. ते थोपवणारे औषध ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. ते १९६२ साली जपानमध्ये डॉ. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधले. युद्धानंतरच्या टंचाईत ह्या बाईंनी रक्ताचा विषय निवडला, कारण प्रयोगाला रक्त कमी पडले तर स्वतःचे काढता येत होते. तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत उभ्या राहत. सभेत शोध मांडायला उभ्या राहिल्या तेव्हा, आता नाचून दाखवणार का, अशी पुरुषांनी टर उडवली.

२०१० साली ४० देशांतील २७४ रुग्णालयांतल्या २०,२११ जखमींवर ह्या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. जखमींचे दोन जवळजवळ सारखे गट केले होते. औषध न मिळालेल्यांत १६१३ मेले, मिळालेल्यांत १४६३. पुढच्या वर्षी वेळेचा हिशेब निघाला. पहिल्या तासात दिले तर सर्वांत फायदा, तीन तासांपर्यंत फायदा, त्यानंतर मात्र रक्तस्रावाने मरण्याचा धोका उलट वाढतो. त्याच वर्षी, २०११ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने जखमींसाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घातले. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावासाठी ते तपासावे अशी ओकामोतोबाईंची फार जुनी इच्छा होती, पण तेव्हा डॉक्टर तयार झाले नाहीत. ती चाचणी वीस हजारांवर स्त्रियांवर झाली आणि रक्तस्रावाचे मृत्यू कमी झाल्याचा निकाल २०१७ साली आला. बाई २०१६ साली वारल्या होत्या.

हे सदर छपाईला देण्याआधी आम्ही ताईला वाचून दाखवले. तिचा व्रण आता भरला आहे, पण फूल राहिले आहे. त्या डोळ्याने तिला दिव्याचा उजेड तेवढा कळतो. भक्तपूरचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. मग बोटांवर मोजून म्हणाली, "भाऊ, सकाळी आठला लागलं, म्हणजे अठरा तास रात्री दोनला होतात ना?" आम्ही हो म्हणालो. ती म्हणाली, "रात्री दोनला आम्ही गाडी भरत होतो."