कुत्र्याला पाण्याची ओळख

प्रत्येक कुत्रा उपजतच उत्तम पोहतो, हा समज खरा नाही. पग, बुलडॉगसारखे आखूड नाकाचे कुत्रे लवकर दमतात. कुत्र्याला पाण्यात कधीही ढकलू नये. एकदा बसलेली भीती सहजी जात नाही. प्रथम पंजे भिजतील एवढ्याच पाण्यात त्याने स्वतःहून उतरावे. पुढे लाइफ जॅकेट घालून पोटाखाली हाताचा आधार द्यावा. हे काम घरातील तरुणांनी करावे. ज्येष्ठांनी कोरड्या जागी बसून त्याला प्रेमाने हाक मारावी. पट्टा मनगटाला गुंडाळू नये. एका हिसक्याने तोल जाऊन खुब्याचे हाड मोडू शकते. साचलेल्या, गढूळ पाण्यात कोणीच उतरू नये. पायाला जखम असल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. अशा पाण्याशी संपर्क येऊन महिनाभरात ताप आल्यास तो अंगावर काढू नये आणि डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.