सुट्टी नेमकी कोणाची?

इंग्लंडमधल्या खेड्यांच्या आणि तिथल्या समुद्रकाठच्या सुट्ट्यांच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. वाळूचे किल्ले, गाढवावरची रपेट, बोचऱ्या वाऱ्यात खाल्लेलं आइस्क्रीम, गावातलं जुनं चर्च, हिरवी कुरणं. या सगळ्या चित्रांत बाई असते. ती टोपलीतून सँडविच काढून देते, ओली मुलं पुसते आणि पुन्हा चित्राच्या कडेला जाऊन बसते. तिला सुट्टी मिळाली का, हा प्रश्न त्या आठवणींत येत नाही. मला वाटतं, बालपणाबद्दल लिहिताना पहिला प्रश्न हाच असायला हवा.

माझं बालपण १९६० आणि १९७० च्या दशकांत लिंकनशायर परगण्यातल्या एका खेड्यात गेलं. वडील मराठी डॉक्टर. त्या काळात भारतातून गेलेल्या डॉक्टरांच्या वाट्याला बहुधा तिथल्या डॉक्टरांना नको असलेल्या जागा येत. आमचं आडगाव त्यांतलंच. भोवती दलदल उपसून तयार केलेली फेन्सची काळी, सपाट जमीन. त्यात बटाटे, बीट, कोबी आणि स्पाल्डिंगच्या बाजूला ट्यूलिपची शेतं. ट्यूलिपची रांगोळी पाहायला लांबून माणसं येत. पण ते पीक फुलांसाठी नसतं, कंदांसाठी असतं. कंद पोसावा म्हणून फुलं खुडून टाकतात. ती खुडण्याचं, नंतर कंद निवडण्याचं आणि साफ करण्याचं काम प्रामुख्याने बायकांचं होतं.

आमच्या गल्लीतल्या बायका हंगामात पहाटे व्हॅनमध्ये बसून शेतावर जात. टोळी आणि मुकादम ही आपल्याला ऊसतोडीमुळे ओळखीची असलेली पद्धत तिथेही जुनी आहे. तिच्यावर नियंत्रण ठेवणारा पहिला कायदा १८६७ सालचा. दिवसभर वाकून बटाटे वेचायचे, संध्याकाळी घरी येऊन चूल सांभाळायची. शेतमजुरीचे किमान दर सरकारमान्य मंडळ ठरवत असे आणि त्यांत बायकांचा दर पुरुषांपेक्षा कमी असे. समान वेतनाचा कायदा १९७० साली झाला खरा, पण तो लागू व्हायला १९७५ चा डिसेंबर संपत आला. त्या पाच वर्षांत मालकांनी तयारी करावी, अशी अपेक्षा होती. बाईला न्याय द्यायचा तर आधी मालकाची सोय पाहायची, ही रीत आपल्याला नवी नाही.

ज्या टुमदार दगडी-विटांच्या घरांचे फोटो कॅलेंडरवर छापले जातात, त्यांतली बरीचशी घरं शेतमालकाची असत. नवरा कामावर असेपर्यंत घर. त्याची नोकरी गेली, तो आजारी पडला किंवा मेला, की घर सोडावं लागे. आपल्याकडचा सालगडी आठवा, म्हणजे कल्पना येईल. नवरा मारतो म्हणून घराबाहेर पडायचं ठरवणाऱ्या बाईपुढे तर दुसरं छप्परच नसे. अशा घरांतल्या कुटुंबांना आणि मागे राहिलेल्या विधवांना कायद्याचं खरं संरक्षण मिळालं ते १९७६ साली.

बाईच्या नावावर येणारा पैसा एकच होता, कुटुंब भत्त्याचा. दर मंगळवारी पोस्टासमोर बायकांची रांग लागे. हा भत्ता १९४६ पासून सुरू झाला, पहिलं मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग. मूळ विधेयकात तो बापाच्या हाती द्यायचा होता. एलिनॉर रॅथबोन या खासदार बाईंनी आणि स्त्रीसंघटनांनी जोरदार विरोध केला, म्हणून तो आईच्या हाती आला. पहिल्या मुलासाठीही पैसे मिळू लागले ते १९७७ पासून. आमच्या शेजारच्या बाई त्यातले चार पैसे बिस्किटांच्या डब्यात टाकत. तो डबा समुद्रावर जाण्यासाठी होता. म्हणजे घराची सुट्टी बाईच्या पैशांतूनही होत होती.

समुद्र आमच्यापासून फार लांब नव्हता. स्केगनेस किंवा मेबलथॉर्प. मेबलथॉर्पची रेल्वे १९७० च्या ऑक्टोबरात बंद झाली. ज्यांच्याकडे गाडी होती त्यांचं काही अडलं नाही. आमच्या गल्लीत एकही बाई गाडी चालवत नव्हती. तेव्हा रेल्वे बंद झाली ती मुख्यतः त्यांच्यासाठी.

आम्ही आठवडाभर भाड्याची कॅरॅव्हॅन घेत असू. चाकांवरची एक खोली, पाणी बाहेरच्या नळावरून आणायचं, दोन शेगड्यांचा गॅस. आई पोळपाट-लाटणं, डाळ-तांदूळ आणि मसाल्याचा डबा घेऊन यायची. साडीवर जाड कोट घालून ती वाळूत बसायची ती दुपारी तासभर. बाकी वेळ पाणी, स्वयंपाक, भांडी, ओले कपडे आणि कानाकोपऱ्यातली वाळू. घरी निदान ओटा होता! पगारी सुट्टीचा कायदा इंग्लंडमध्ये १९३८ साली झाला. वर्षातून एक आठवडा विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, हे तत्त्व त्याने मान्य केलं. कामगार चळवळीचा हा मोठाच विजय. पण हक्क पगाराला जोडलेला होता. जिला पगारच नाही तिची सुट्टी कोणी मोजायची? आणि रोजावर बटाटे वेचणाऱ्या बाईची सुट्टी म्हणजे बुडालेला रोज.

पैसे बरे असले की लोक घरगुती लॉजमध्ये उतरत. तिथे पाहुण्या बाईला आराम मिळे, कारण दुसरी बाई राबत असे. घरमालकीण पहाटे उठून नाश्ता करणार, चादरी धुणार, रात्रीचं जेवण वाढणार. नाश्त्यानंतर पाहुण्यांनी बाहेर पडायचं आणि संध्याकाळपर्यंत परतायचं नाही, हा तिचा नियम प्रसिद्ध होता. पाऊस असला तरी! त्यावरून तिची भरपूर टिंगल झाली. पण मधल्या वेळात सगळं घर आवरायचं कोणी, हे विनोद करणाऱ्यांनी पाहिलं नाही. डोनाल्ड मॅक्गिलच्या समुद्रकाठच्या विनोदी पोस्टकार्डांवर जाडजूड, खाष्ट बायका असायच्याच. या चित्रकाराला १९५४ साली लिंकनच्या न्यायालयात दंड झाला तो अश्लीलतेबद्दल. बायकांची टवाळी हा काही गुन्हा नव्हता.

बिली बटलिन यांनी १९३६ साली स्केगनेसला सुट्टीची छावणी काढली. सगळ्यांचं जेवण एकत्र भोजनगृहात, मुलांसाठी वेगळे कार्यक्रम, आणि रात्री खोल्यांवरून फेरी मारणाऱ्या बायका. कोणाचं मूल रडतंय हे त्या आईबापांना कळवत. हा धंदाच होता, समाजसेवा नव्हे. तरी शेजारच्या बाई एकदा तिथे जाऊन आल्या आणि आईला म्हणाल्या, “आठ दिवस मी एक बशी धुतली नाही.” समुद्राबद्दल त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. सार्वजनिक स्वयंपाकघर आणि पाळणाघर बाईला काय देतं, हे मला त्या वाक्याने जितकं समजलं तितकं कुठल्या शिबिरात समजलं नाही.

आईला विश्रांती म्हणजे माहेर, आणि माहेर सात हजार किलोमीटरवर. म्हणून ती माहेराची स्वप्नं पाही. पण तिथेही माहेरवाशिणीच्या पानात वाढणारी मामीच होती ना? एका बाईची सुट्टी दुसऱ्या बाईच्या कमरेवर उभी राहते, हे लिंकनशायरला जसं खरं तसं आपल्या मामाच्या गावालाही.

ही गोष्ट जुनी झाली असंही नाही. फेन्समधल्या शेतांत आणि भाज्यांच्या पॅकिंग शेडमध्ये २००४ नंतर पोलंड, लिथुआनिया, लाटव्हियातल्या बायका मोठ्या संख्येने आल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत मोरकंब या सहलीच्या गावाजवळ, भरतीच्या पाण्यात, शिंपल्या वेचणारे चिनी मजूर बुडून मेले, तेवीस जण. त्यांत बायकाही होत्या. त्यानंतर मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. एकाच किनाऱ्यावर कोणाची सुट्टी असते आणि कोणाचा जीव जातो.

आठवणी लिहू नयेत असं माझं म्हणणं नाही. जरूर लिहाव्यात, पण कामासकट लिहाव्यात. घरकामाला मोल मागताना आपण सुट्टीही मागायला हवी, आणि ती दुसऱ्या बाईच्या पाठीवरची नको. पुरुषांनी वाटून घेतलेल्या कामातून आणि सार्वजनिक सोयींतून येणारी हवी. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या आईला, सासूला, आजीला एवढंच विचारून यावं: आम्ही सुट्टीत होतो तेव्हा तू काय करत होतीस? उत्तरं लिहून ठेवू या. आपल्या मागण्यांचा मसुदा त्यांतूनच तयार होईल.