जामिनानंतरची देखरेख: जिल्हा बदलला की अट बदलते

आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्यास मोबाइलच्या नकाशावर सतत दिसत राहील, अशी व्यवस्था आरोपीने करावी, ही जामिनाची अट सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 रोजी रद्दबातल ठरविली. आरोपीच्या खासगी जीवनात पोलिसांनी अशा रीतीने अखंड डोकावणे न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठास मान्य नव्हते. मात्र सुटलेल्या आरोपीवर देखरेख कोणी ठेवायची आणि किती, हा मूळ प्रश्न कायम आहे.

अमेरिकेत या कामासाठी स्वतंत्र यंत्रणा आहेत. 1961 मध्ये मॅनहॅटनमध्ये सुरू झालेल्या प्रयोगातून त्या उभ्या राहिल्या. न्या. भगवती यांनी 1979 च्या हुसैनआरा खातून निकालात अमेरिकेच्याच अनुभवाचा आधार घेतला होता. परंतु त्या यंत्रणाही एकसारख्या नाहीत. केंटकीत 1976 पासून न्यायालयीन प्रशासनाखाली संपूर्ण राज्याची एकच सेवा आहे. कॅलिफोर्नियात मात्र 58 काउंट्या आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी. सांता क्लारात काउंटीचे स्वतंत्र कार्यालय, सॅन फ्रान्सिस्कोत बिगरसरकारी संस्था, तर अनेक ठिकाणी प्रोबेशन विभाग. या विभागाची घडण शिक्षा झालेल्यांवर नजर ठेवण्याची आहे. दोष सिद्ध न झालेला माणूस त्याच्या हाती सोपविला की वारंवारची हजेरी, अमली पदार्थांची चाचणी आणि घोट्याचा इलेक्ट्रॉनिक पट्टा यांकडे कल झुकणारच. वास्तविक, न्यूयॉर्कमधील 2020 च्या संशोधनात तारखेची आठवण देणाऱ्या साध्या मोबाइल संदेशांनी न्यायालयातील गैरहजेरी सुमारे 21 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. स्वस्तातला उपाय, म्हणूनच कदाचित दुर्लक्षित!

भारतात अशी यंत्रणाच नाही. 2022 अखेर देशातील 5 लाख 73 हजार कैद्यांपैकी 4 लाख 34 हजार कच्चे कैदी होते. जे सुटतात त्यांची देखरेख पोलिस ठाण्याकडे जाते, आणि हजेरी आठवड्याला की महिन्याला, हे त्या त्या न्यायालयाच्या मर्जीवर ठरते. परप्रांतीयांची अडचण त्याआधीच सुरू होते. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून जामीनदार नाकारणे न्या. कृष्ण अय्यर यांनी 1978 मध्येच मोतीराम प्रकरणात चुकीचे ठरविले होते. तरीही स्थानिक जामीनदाराचा आग्रह सुटकेच्या आड येतो, याची दखल सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी 2023 मध्ये पुन्हा घ्यावी लागली. जामीनदार मिळालाच, तरी पोटासाठी परराज्यात आलेल्या कामगारास ठाण्यातील प्रत्येक हजेरीपायी एका दिवसाची मजुरी गमवावी लागते. आणि हजेरी चुकली, तर जामीन रद्द करून घेण्याचा मार्ग पोलिसांना मोकळाच असतो.