जठर नसलेला पाहुणा

भोपाळच्या बिट्टन मार्केटमधील भाजीबाजारात पिशवी भरून चाललेल्या एखाद्या गृहस्थाकडे बोट दाखवून, "ह्यांच्या पोटात जठर नाही," असे कोणी सांगितले, तर आपला विश्वास बसणार नाही. तथापि अशी माणसे आपल्यांत वावरत असतात. जठराच्या कर्करोगापायी पुष्कळदा संपूर्ण जठर काढून टाकावे लागते, आणि त्यानंतरही माणूस जगतो, जेवतो, कामाला लागतो.

अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया कार्ल श्लाटर ह्या शल्यवैद्याने १८९७ साली झुरिक येथे केली. एका स्त्रीचे जठर काढून त्याने तिची अन्ननलिका लहान आतड्याला जोडली. ती त्यानंतर वर्षाहून अधिक काळ जगली. अन्नपचनाचे पुष्कळसे काम आतडे करू शकते, हे त्यावरून दिसून आले.

परंतु जठर ही अन्नाची कोठीही आहे. कोठी गेली म्हणजे घास थेट आतड्यात उतरतात. म्हणून अशा माणसाने एकदम पोटभर न जेवता दिवसातून सहा ते आठ वेळा थोडे थोडे, सावकाश चावून खावे. पाणी जेवताना न पिता मागाहून प्यावे. गोडधोड अधिक झाल्यास छाती धडधडते, घाम सुटतो व घेरी येते.

दुसरी उणीव डोळ्यांना दिसत नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व अंगी लागण्यास जो घटक लागतो, तो जठरातच तयार होतो. शरीरातील जुना साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे सारे ठीक आहे असे वाटते. पुढे थकवा येतो, चेहरा फिका पडतो, हातापायांना मुंग्या येतात. मज्जातंतूंची ही हानी नेहमीच भरून येते असे नाही. यास्तव डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ब-१२ची इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात. बरे वाटते म्हणून ती बंद करू नयेत.

आग्रह हे आपल्याकडे प्रेमाचे लक्षण होय. नाताळात किंवा लग्नघरी असा पाहुणा चार घासांनंतर हात आखडता घेतो, तेव्हा गृहिणीने मनाला लावून घेऊ नये. त्याचे ताट उचलावे आणि दोन तासांनी पुन्हा थोडे पुढे ठेवावे. तो घरचाच असेल, तर पुढच्या इंजेक्शनची तारीख भिंतीवरील कॅलेंडरात लिहून ठेवावी.